दोन्ही कान दिसू द्या

कानकाकांचं खरं नाव काय, हे त्यांच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागे. एकतीस वर्षं त्यांनी अर्जावर चिकटवायचे फोटो काढले. ‘मान सरळ. हनुवटी खाली. हसू नका. दोन्ही कान दिसू द्या.’ एवढ्या चार वाक्यांवर माणसाने अख्खा संसार चालवला. चेहऱ्यावरची सावली म्हणजे त्यांचा जन्माचा वैरी. सावली दिसली की अर्ज परत येई, आणि त्यामागोमाग गिऱ्हाईक भांडायला येई.

मग लोक फोनवरच फोटो काढू लागले आणि स्टुडिओचं शटर कायमचं खाली आलं. घरी बसून काका इतके कंटाळले की पेपरातल्या ‘हरवले आहेत’च्या फोटोत प्रकाश कसा चुकलाय, हे ते बायकोला रोज समजावू लागले. महिनाभर ऐकून घेतल्यावर बायकोनेच त्यांचं नाव सिनेमाच्या छायाचित्रणाच्या वर्गात घातलं.

“काहीतरी नवीन शिका,” ती म्हणाली. “आणि हरवलेल्या माणसांना सुखाने हरवू द्या.”

वर्गात बारा तरुण पोरं-पोरी आणि एक काका. शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्या सुनेच्या वयाच्या. कानामागून आली आणि तिखट झाली, असं काका पहिल्याच दिवशी मनात म्हणाले. कारण मॅडमनी फळ्यावर एक चेहरा काढला, त्याचा अर्धा भाग खडूने भरला, अर्धा काळाच ठेवला आणि म्हणाल्या, “हा चांगला प्रकाश.”

काकांच्या हिशेबी तो अर्ज परत आला होता.

गृहपाठ होता एका शॉटचा. घरातलं एक माणूस, एक मिनिट, प्रकाश एकाच बाजूने, आणि माणूस चौकटीच्या बरोब्बर मधोमध नको. संधी तीन. जे पास होतील ते वर्गाच्या छोट्या सिनेमावर काम करणार, बाकीच्यांनी वह्या घेऊन घरी जायचं. काकांना घरी जायचं नव्हतं. ‘काका, दिवा जरा इकडे घ्या’ असं पुन्हा एकदा कुणीतरी म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

पहिल्या वेळी त्यांनी मागे पांढरी चादर लावली, दोन्ही बाजूंना दोन दिवे ठेवले आणि मधोमध स्टुलावर बायको. मॅडमनी शॉट पाहिला आणि शांतपणे विचारलं, “काका, अर्ज कसला भरायचाय?”

दुसऱ्या वेळी चादर गेली, एक दिवा गेला, बायकोही चौकटीत जरा उजवीकडे सरकली. पण सावली पडली मात्र, काकांना राहवेना. त्यांनी थर्माकोलचा पांढरा तक्ता दुसऱ्या बाजूने धरला आणि त्यावर उजेड पाडून सावली पुसून काढली.

“सावली कुठे गेली?” मॅडमनी विचारलं.

“काढली ना,” काका अभिमानाने म्हणाले. “चांगली गालभर पडली होती.”

जित्याची खोड ती. त्यात बायकोही ऐकेना. काका काही बोलले की तिची मान हळूच डावीकडे वळे. “अगं, मान सरळ! फोटोवाल्याची बायको ना तू?” हे त्यांनी दोन दिवसांत चाळीस वेळा तरी म्हटलं असेल. ती मान सरळ करी आणि पुढच्या वाक्याला पुन्हा वळवी.

उरली शेवटची संधी. मॅडम म्हणाल्या, “दिवे राहू द्या काका. घरात खिडकी आहे ना?” काखेत कळसा अन् गावाला वळसा! दुसऱ्या दिवशी सकाळी बायको स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. तिच्या उजव्या हाताला खिडकी, बाहेर इमारतीच्या पाण्याची मोटर घरघरत होती. काकांनी समोर कॅमेरा लावला, तो सुरू केला आणि थर्माकोलला हात लावायचा नाही अशी शपथ घेतली. अर्ध्या मिनिटात ते थर्माकोल घेऊन बायकोच्या डावीकडे उकिडवे बसले होते. नुसतं धरून बघायचं म्हणून.

“अगं, जरा वर बघ.”

ती लसूण सोलत राहिली.

“वर बघ म्हणतोय.”

सोललेली पाकळी वाटीत पडली. काका समजले, रागावलीय. परवा दोन तास स्टुलावर बसवलं होतं, रागावणारच. मग त्यांनी अख्ख्या संसारात फार तर दोनदा केलेली गोष्ट केली. “चुकलं माझं,” ते म्हणाले. त्यावरही तिने नुसती दुसरी पाकळी उचलली.

आता मात्र काकांचं डोकं फिरलं. थर्माकोल टाकून ते तरातरा खिडकीपाशी गेले आणि स्वतःशीच पुटपुटले, “दगडाशी संसार केला.”

“दगड कोण?” बायकोने ताडकन विचारलं.

काका तिच्याकडे बघतच राहिले. मग डावीकडे जाऊन हळूच म्हणाले, “दगड.” काहीच नाही. ते समोर येऊन उभे राहिले.

“डावा कान कधीपासून गेलाय?”

“दोन वर्षं होतील.”

“मला कळलं कसं नाही?”

“तुम्ही सदा समोर उभे राहून बोलता. ओठ दिसतात, सवयीने कळतं. उरलेलं मान वळवून ऐकते.” ती वाटीकडे बघत म्हणाली, “पण तुम्ही वळवू देता कुठे?”

एकतीस वर्षं कान मोजणारा माणूस. काकांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

“मी मघाशी माफी मागितली होती,” ते कसेबसे म्हणाले.

“अगं बाई! नेमकं तेवढंच हुकलं? पुन्हा मागा.”

काकांनी थर्माकोल दाराबाहेर नेऊन ठेवला. कॅमेरा पुन्हा सुरू करून ते त्याच्या शेजारी उभे राहिले आणि बोलू लागले. तिची मान डावीकडे वळली, उजवा कान पुढे आला, त्यावर आणि गालावर खिडकीचा उजेड पडला. चेहऱ्याची दुसरी बाजू अंधारात गेली. काका मान सरळ म्हणाले नाहीत. ‘हसू नका’ही म्हणाले नाहीत, आणि ती हसली.

वर्गात मॅडमनी तो शॉट दोनदा पाहिला. “ही मान किती छान वळवलीय. कुणी सांगितलं त्यांना?”

“कुणी नाही,” काका म्हणाले. “दोन दिवस मीच सरळ करत होतो.”

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. “काय झालं?” तिने विचारलं. काकांनी दारातूनच तोंड उघडलं, पण लगेच मिटलं. पलंगाला वळसा घालून ते तिच्या उजवीकडे जाऊन बसले आणि मग म्हणाले, “पास.”