किशोरीचे तोंडपाठ छप्पन्न

मित्रांनो, पडवीत आरशाखाली भिंतीला टेकून उभा असलेला, रबराला भेग पडलेला हा जुना वजनकाटा म्हणजे मी. काचेखालचा माझा लाल काटा अजून हलतो. तो काय सांगतो हे लोकांना कळतं की नाही, याबद्दल मात्र हल्ली माझा फार गोंधळ उडाला आहे.

कारखान्यातलं मला एवढंच आठवतं, की माझ्यावर एक थंडगार लोखंडी वजन ठेवलं गेलं आणि कुणीतरी म्हणालं, "बरोबर." तो शब्द मी जपून ठेवला. तिथून जामसंड्याच्या एका दुकानात आणि दुकानातून भाईंच्या या घरात आलो. भाईंना साखर निघाली होती. ते रोज सकाळी माझ्यावर चढत. आकडा आवडला नाही तर उतरून घड्याळ काढत, पुन्हा चढत, मग चष्मा काढत. चष्मा काढल्यावर आकडाच दिसत नसे, मग ते खूश होत.

तेव्हा वाडीत मला मान होता. शेजारच्या नसीबाभाभी मुलाची, शाहनवाजची, मस्कतला जायची बॅग घेऊन यायच्या. मला विचारावं तशा विचारायच्या, "आणखी एक खाज्याचो पुडो बसात मा?" माझा काटा विमानाच्या मर्यादेखाली दिसला की त्या घाईघाईने पुडा कोंबत.

भाई गेले आणि मी खाटेखाली गेलो. माझ्यावर कोकमाच्या बरण्या आल्या. त्यांचं वजन मी रात्रंदिवस सांगत राहिलो, पण खाटेखाली वाकून कोण बघणार?

मला बाहेर काढलं ते किशोरीने. ती भाईंची सून, जितेंद्रची बायको. जितेंद्र नोकरीला गोव्यात, महिन्यातून दोनदा घरी. बाळ झालं, त्याचं नाव चंदन. अंगणवाडीतला काटा दुरुस्तीला गेला होता आणि बाळाचं वजन वाढतंय की नाही या काळजीने किशोरीला झोप येत नव्हती. तिने मला ओल्या फडक्याने पुसलं. मला वाटलं, आपले दिवस आले.

तिची पद्धत अशी. आधी एकटी चढायची, मग चंदनला घेऊन, आणि दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा. छप्पन्न आणि त्रेसष्ट. म्हणजे चंदन सात किलो. ती हसली, मीही मनातल्या मनात हसलो.

पुढे काय व्हायचं, तिने चंदनला खाली ठेवलं की तो भोकाड पसरायचा. मग ती एकटी चढेनाशी झाली. स्वतःचे छप्पन्न तिला तोंडपाठ होते. बाळाला घेऊन चढायचं, छप्पन्न वजा करायचे, झालं.

आणि इथूनच सगळं बिघडलं. काटा त्रेसष्टावरून हलेना. ती गाल आत ओढून बघत राहायची. काही आठवड्यांनी तो बासष्टावर आला.

"आई, सात होता त्याचो सहा झालो!" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

तिच्या सासूबाई, सत्यवतीबाई, दारात भात पाखडत होत्या. "खुळी काय गो? पोर इतक्या जड झाला, माका कमरेर घेवक जमणा नाय. तुका आकडो दिसता, पोर दिसणा नाय."

किशोरीला ते पटलं नाही. ती शिकलेली, फोनवर बाळांच्या वाढीचं सगळं वाचणारी. पण मुलाच्या बाबतीत एकही वाट सोडायची नाही, असं तिचं होतं. सोमवारचा उपास ती आधीपासून धरायची. काटा अडला तेव्हा तिने गावदेवीला बोलून गुरुवार धरला, घसरला तेव्हा शनिवारही. उपासाच्या दिवशी चहा आणि एखादं केळं. तेही अर्धं चंदनच्या तोंडात.

मित्रांनो, मला वजाबाकी येत नाही. माझ्यावर जे उभं राहतं तेवढं मी सांगतो. मी खरं सांगत होतो आणि समोरची बाई रडत होती. यातलं चुकलं कोण, मला कळेना.

मग फोनवर एका नव्या काट्याचं चित्र आलं. काळ्या काचेचा. वजन म्हणे फोनात जातं आणि अंगातलं पाणी, हाडं, चरबी सगळं वेगवेगळं सांगतो. किशोरी ते पान उघडायची, मिटायची. एकाने लिहिलेलं, उत्तम आहे. दुसऱ्याने लिहिलेलं, दर वेळी वेगळंच दाखवतो.

"मागव गो," जितेंद्र फोनवरून म्हणाला. "आणि त्या जुन्याक भंगारात दी."

"आणि नवोय खोटो निघालो तर? मगे मी कोणार इश्वास ठेवू?"

भंगार हा शब्द मी ऐकला. त्या रात्री माझा काटा शून्यावर होता, पण मी हलका नव्हतो.

शेवटी तिने तळेऱ्याला दिलेल्या नणंदेला, आकांक्षाला, फोन केला. तिच्याकडे तसाच काटा होता. घ्यायचा की नाही ते वापरून ठरवू, म्हणून आकांक्षा माहेरी येताना तो पिशवीत घालून आली. माझ्या शेजारी त्याला ठेवलं. फार गुळगुळीत होता, माझ्याशी बोलला नाही.

सत्यवतीबाईंना पहिला मान. आकांक्षाने फोनात त्यांचं नाव घातलं. बासष्ट किलो. वर त्याने शरीराचं वय सांगितलं, खऱ्यापेक्षा बरंच जास्त. "ह्याका कोणी इचारला?" म्हणत त्या तरातरा सुपातल्या भाताकडे गेल्या.

मग किशोरी चंदनला घेऊन चढली. फोनवर नाव उजळलं, सत्यवती!

"मी हंय बसलंय, आणि थंय कशी चढलंय?" सत्यवतीबाई ओरडल्या.

आकांक्षा हसून लोळायची बाकी होती. "अगे आये, तो वजनावरसून माणूस वळाखता. ही दोगा मिळून तुज्याएवडी झाली! वयनी, तू आधी एकटी चढ. तुजा नाव घालूक होया."

"माझा म्हायत आसा. छप्पन्न."

"त्याका म्हायत नाय मा? चढ."

आकांक्षाने चंदनला घेतलं. तो रडला. किशोरी एकटी चढली. काचेवर आकडा आला, त्रेपन्न.

"बिघडलेलो आसा," किशोरी लगेच म्हणाली. "बरा झाला, मागवलंय नाय."

सत्यवतीबाई उठून आल्या. त्यांनी पायाने मला पुढे सरकवलं. "आमच्या म्हाताऱ्यार चढ बघू."

ती चढली. मी श्वास रोखून काटा धरला. त्रेपन्न.

सत्यवतीबाईंनी बोटांवर हिशेब केला. "बासष्टातसून त्रेपन्न. नऊ. अगो, पोर नऊ किलोचा आसा! पोराचा नाय गो घटला. तुजा घटला."

किशोरी माझ्यावरच उभी होती. वाकून माझा आकडा पुन्हा पुन्हा वाचत होती. मग मला समजलं, की इतके दिवस ती बाळासाठी उपास करत होती, त्या उपासाने तिचं वजन उतरत होतं, आणि तिचं उतरलेलं वजन ती बाळाच्या नावावर टाकत होती. म्हणून आणखी एक उपास.

"आये, आज शनवार," आकांक्षा हळूच म्हणाली.

"म्हायत आसा." सत्यवतीबाईंनी पदर खांद्यावरून घेतला, तुळशीकडे तोंड केलं, हात जोडले आणि देवळात गाऱ्हाणं घालतात तसा सूर लावला, "बा गावदेवी म्हाराजा! ह्या लेकरान पोराच्या वजनासाठी उपास धरल्यान आणि आपलाच वजन घालवल्यान. पोर तुज्या कृपेन गोंडस आसा. तेवा हे उपास हंयच पुरे करून घे, आणि हिच्या पोटात दोन घास जावंदे, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आकांक्षा ओरडली.

"तू म्हण," सत्यवतीबाई सुनेला म्हणाल्या.

"होय म्हाराजा," किशोरी पुटपुटली आणि रडायला लागली. त्यांनी तिला उतरवलं, पाटावर बसवलं आणि कुळथाची पिठी, भात पुढे ठेवला.

काचेचा पाहुणा आकांक्षाबरोबर परत गेला. तो घेण्यासारखा आहे की नाही, हे मित्रांनो, मला आजही सांगता येत नाही. त्याने मला हिणवलं नाही, आणि त्याने हट्ट केला नसता तर ती एकटी चढलीच नसती. किशोरी अजून अधूनमधून ते पान उघडते. पण मी पडवीतच आहे आणि सत्यवतीबाईंचा नियम कडक आहे. आधी आवस, मगे पोर, म्हणजे आधी आई एकटी चढणार. पहिला आकडा त्या स्वतः वाकून वाचतात.

तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा असेल तर त्याला बरण्यांखाली टाकू नका. आणि मूल कडेवर घेऊन कुणी त्याच्यावर उभं राहिलं, तर क्षणभर मूल तुम्ही घ्या. रडेल थोडं. रडू दे. तिला एकदा एकटी उभी राहू द्या.