दोन ते आठ अंशांमध्ये

मित्रांनो, घोडेगावच्या बाजारपेठेत एका औषध दुकानामागच्या पडवीत, पोटात रिकामी खोकी घेऊन उभा असलेला मी एक जुना फ्रिज आहे. माझी वायर गुंडाळून माथ्यावर ठेवली आहे. थंडी कशी असते, ते मी आता केवळ आठवू शकतो.

कारखान्यात मला घडवले ते दूध, भाजी आणि कुल्फीसाठी. पण वैजयंतीताईंनी मंचरहून मला आणले आणि माझ्या पोटात इन्सुलिन व लसी ठेवल्या. ताई औषधशास्त्र शिकलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नियम घालून दिला: दोन अंशांच्या खाली उतरायचे नाही, आठच्या वर चढायचे नाही. आत एक छोटा तापमापक बसवला. आदल्या दिवसापासून थंडी कुठवर उतरली नि कुठवर चढली, हे तो लक्षात ठेवी. रोज सकाळी पहिले औषध देण्याआधी ताई दार उघडत, आकडे वाचत आणि तक्त्यात लिहीत. वीज गेली की माझ्या दाराला कोणी हात लावायचा नाही, अशी ताकीद असे. सात वर्षे माझी इतकी निगा राखली गेली. त्या सकाळच्या हाताची मला अजून ओढ आहे.

एकदा ताई प्रशिक्षणासाठी पुण्याला गेल्या. दुकान बंद होते. दुकानामागच्या घरात त्यांच्या सासूबाई, साळुबाई, होत्या. शेजारच्या झुंबरबाईंच्या नातीचे बारसे होते. भर दुपारी त्या श्रीखंडाचे पातेले घेऊन आल्या. शेजारणीला परत कसे पाठवायचे? साळुबाईंनी पातेले माझ्यात ठेवले, लवकर गार व्हावे म्हणून माझे बटण शेवटपर्यंत फिरवले. संध्याकाळी श्रीखंड नेताना ते पुन्हा जागेवर आणले. मधल्या वेळात मागच्या भिंतीलगतच्या बाटल्या गोठल्या आणि सकाळपर्यंत पुन्हा वितळल्या. मला सारे कळत होते. सांगायला तोंड नव्हते.

ताई रात्रीच परतल्या होत्या. सकाळी दुकान उघडताच चिमाबाई आल्या. तळेघरच्या पुढच्या एका वाडीतून दर महिन्याला त्या आपल्या नवऱ्यासाठी, भागूसाठी, इन्सुलिन न्यायला येत. त्या दिवशी स्टँडवर भीमाशंकरची एसटी सुटायच्या बेतात होती. चिमाबाईंची घाई पाहून ताईंनी आधी बाटली दिली आणि मग तापमापक पाहिला. सर्वांत कमी आकडा होता शून्याखाली तीन.

ताईंनी सासूबाईंना हाक मारली. साळुबाई गप्प राहिल्या असत्या तर कोणाला काय कळले असते? श्रीखंड तर केव्हाच पानांत वाढून झाले होते. पण त्या पुढे झाल्या.

"बटण म्या फिरवलं व्हतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या औषधाला काय झालं का गं?"

"आई, एकदा गोठलं की इन्सुलिनचा भरवसा नसतो. आणि बघायच्या आधी मीच ते दिलं."

माझ्यातला सारा साठा ताईंनी बाजूला काढून त्यावर चिठ्ठी लावली. वाडीत फोन लागत नसे आणि भागूचे इंजेक्शन संध्याकाळच्या जेवणाआधी ठरलेले. समोरच्या औषध दुकानातून त्यांनी चांगली बाटली गार डब्यात घेतली, दुकानाला कुलूप लावले आणि स्कूटी काढली.

पुढचे मी त्यांच्याच तोंडून ऐकले. वाटेत डिंभ्याला त्यांनी एसटी गाठली. कंडक्टर म्हणाला, "ताई, आता तिकीट काढा आन् देवदर्शनच करून या." चिमाबाई मात्र बाटली सोडेनात. उजेडात धरून त्या म्हणाल्या, "आवं, पानी लई साफ हाये की. चांगलं औषिद कशापायी टाकायचं?"

"मावशी, दिसतं तसंच, पण काम करेल की नाही ते मलाही सांगता येणार नाही. चूक आमची आहे. तुम्ही ही घ्या."

साऱ्या गाडीदेखत दुकानदारीण आपली चूक सांगत होती. चिमाबाईंनी बाटली बदलून घेतली.

त्या महिन्यातच काचेच्या दाराचा नवा फ्रिज आला. तो केवळ औषधांसाठीच बनवलेला आहे; थंडी बिघडली की स्वतःच ओरडतो. मला पडवीत हलवले. राग नाही, पण दुकानात त्याचे दार उघडल्याचा आवाज आला, की माझे कप्पे कान देतात.

मित्रांनो, औषधाच्या फ्रिजमध्ये खाऊ ठेवायला सांगू नका. औषध घेताना ते कसे ठेवायचे, हे विचारा. आणि हातून चूक झालीच, तर साळुबाईंसारखी वेळेत सांगा. वेळेत सांगितलेली चूक एसटीच्या मागे धावून गाठता येते.

परवा दुकानात गर्दी होती, म्हणून चिमाबाईंनी एका म्हाताऱ्याला पडवीत आणून बसवले. "आवं, हितंच बसा. तुमचं औषिद घिऊन येते," असे सांगून त्या आत गेल्या. ज्याच्यासाठी मी सात वर्षे गारठलो, त्या भागूला मी प्रथमच पाहत होतो. तो माझ्या दाराला पाठ टेकून बसला. त्याची पाठ उबदार होती.