लालमुनीच्या पित्ताशयाची बरणी

मित्रांनो, माझ्या गंजलेल्या झाकणाकडे पाहून नाक मुरडू नका. मी एक जुनी काचेची बरणी आहे. पाटण्याच्या एका लॅबमध्ये, खिडकीशेजारच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझ्या पोटात काय आहे ते लगेच सांगितले, तर तुम्ही पुढचे ऐकायला थांबणार नाही. म्हणून जरा आधीपासून सुरुवात करते.

माझा जन्म फिरोजाबादच्या भट्टीत झाला. तेथून मी हाजीपूरजवळच्या एका गावी, लालमुनी देवीच्या घरी आले. ती माझ्यात आंब्याचे लोणचे घाली. मोहरीच्या तेलात मुरलेल्या त्या फोडींसाठी शेजारणी वाट्या घेऊन येत आणि लालमुनीच्या हाताची तारीफ करत. थोडी तारीफ माझ्याही वाट्याची आहे, असे मी मनाशी धरून चाले. पुढे प्लास्टिकचे डबे आले आणि मी अडगळीत गेले. तिथे झुरळांशिवाय माझी विचारपूस कोणी केली नाही.

मग लालमुनीच्या पोटात कळा येऊ लागल्या. भात खाल्ला तरी दुखे, लिट्टी खाल्ली तरी दुखे. आमच्या भागात पित्तखडे घरोघरी असतात, त्यांचा कोणी फारसा बाऊ करत नाही. हाजीपूरच्या एका लहानशा इस्पितळात ऑपरेशन ठरले. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, सकलदेवला, रुंद तोंडाचे आणि झाकणाचे भांडे आणायला सांगितले. सकलदेवने मला बाहेर काढले आणि राखेने लख्ख घासले. मी वेडी, मला वाटले पुन्हा लोणचे!

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर ट्रे घेऊन बाहेर आले. असा ट्रे घरच्यांना दाखवावाच लागतो, नाहीतर काही काढले यावर कोणाचा विश्वास बसत नाही. खडे पाहून सगळे हरखले. लालमुनीच्या सासूने, रामरतीने, ते पदराच्या टोकाला बांधून घेतले. गावात दाखवायला नकोत का? उरलेली पिशवी, म्हणजे पित्ताशय, डॉक्टरांनी चिरून माझ्यात ठेवली आणि वर फॉर्मालिन ओतले. त्या औषधाने डोळे चुरचुरतात, पण त्यात मांस कुजत नाही.

"हे आजच पाटण्याच्या लॅबमध्ये द्या," डॉक्टर म्हणाले. "भिंत एका जागी जाड लागतेय. खड्यांच्या आड कधी कधी कॅन्सर लपून बसतो."

सकलदेवचा चेहरा उतरला. रामरती मात्र फणकारली, "दगड निघाले, दुखणं गेलं. आता रिकाम्या पिशवीत काय बघायचंय?" तरीही ती आमच्याबरोबर प्रवाशांनी भरलेल्या जीपमध्ये चढून बसली. तिच्या मनात काय होते ते मला गंगेच्या पुलावर कळले.

जीप पुलावर चढली आणि थांबली. पुढे ट्रक, मागे ट्रक. या पुलावरून जाणाऱ्याला अडकून बसायची सवयच असते. रामरतीने मला उचलले, खाली उतरली आणि थेट कठड्याशी गेली. सकलदेव मागे धावला.

"माई, काय करतेस?"

"गंगाजीला सोडते, बबुआ. कनियाच्या देहाचा तुकडा आहे तो. असा बाटलीत कोंडायचा? उद्या वर गेली तर बिचारी अपुरी जाईल."

सुनेला ती कनिया म्हणे, आणि तिचा जीवही होता सुनेवर. म्हणून तर मला जास्त भीती वाटली. रागाने फेकणाऱ्याला कोणी थांबवू शकतो, मायेने सोडणाऱ्याला कोण थांबवणार? खाली गढूळ पाणी दिसत होते. मी काचेची, मला पाण्याचे काय भय? पण माझ्या पोटातले वाहून गेले असते, तर लालमुनीला कॅन्सर आहे की नाही हे वेळेवर कोणालाच कळले नसते.

आईला नाही म्हणणे सकलदेवला आयुष्यात जमले नव्हते. त्याने लालमुनीला फोन लावला, काय चालले आहे ते सांगितले आणि फोन आईच्या कानाशी धरला. गुंगीतून नुकतीच उठलेली लालमुनी खोल आवाजात म्हणाली, "माई, पोट माझं होतं ना? आधी मला कळू दे, मग गंगाजीला."

रामरती मला घेऊन जीपमध्ये येऊन बसली. माझा जीव भांड्यात पडला. पण सकलदेव पुढे काय अडलेय ते पाहायला गेला, आणि म्हातारी माझ्याकडे पाहून हळहळली, "या घाणेरड्या वासात तरी नको गं राहू, कनिया." तिने माझे झाकण फिरवले. जीपभर खोकल्याची साथ आली.

"ओ आजी, मिरच्या जाळताय का?" मागून एकजण ओरडला.

तिने माझ्यातले सगळे औषध खिडकीबाहेर ओतले. आपल्या झोळीतून गंगाजलाची बाटली काढली, मला काठोकाठ भरले आणि हात जोडले. मला बोंब मारावीशी वाटत होती, पण बरणीला कुठली वाचा? ऊन तापत होते, जीप हलत नव्हती. पाण्याचा रंग हळूहळू बदलत गेला. पोटात काहीतरी नासते आहे आणि आपण काही करू शकत नाही, याहून वाईट दिवस मी पाहिलेला नाही.

लॅबमध्ये डॉ. निशात यांनी झाकण उघडले आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"फॉर्मालिनचा वास का येत नाही?"

"गंगाजल आहे, डॉक्टरीण. शुद्ध आहे," रामरती अभिमानाने म्हणाली.

"अहो आजी, पूजेला शुद्ध असेल. हे सडायला लागलंय! पित्ताशयाचं आतलं अस्तर आधी जातं, आणि रोग लपतो तो तिथंच."

सकलदेवने आईकडे पाहिले आणि मान खाली घातली. डॉ. निशात यांनी मला घाईघाईने ताज्या औषधाने भरले.

पुढे माझ्यातले तुकडे कापून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली गेले. विरघळलेल्या अस्तरात काहीच ओळखता येईना. "मॅडम, सांगता येत नाही असं लिहून टाकू?" मदतनिसाने विचारले.

"बरणीत अजून आहे ना? मग अजून कापू," त्या म्हणाल्या.

चिमटा पुन्हा माझ्यात शिरला. पिशवीच्या मानेजवळ, जिथे घड्या दाट असतात, तिथला तुकडा बऱ्यापैकी शाबूत निघाला. आणि त्यातच तो सापडला. कॅन्सर भिंतीत शिरला होता, पण त्याने भिंत ओलांडलेली नव्हती.

निकाल न्यायला मायलेक आले. लालमुनीचे पुन्हा ऑपरेशन करावे लागेल, यकृताचा थोडा भाग काढावा लागेल, हे ऐकून रामरती भिंतीला टेकली. "मी बुडवणार होते हो तिला," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली.

ते गेले. शिकणाऱ्या मुलांना दाखवण्यासाठी डॉ. निशात यांनी मला ठेवून घेतले. लॅबमध्ये माणसे निकाल न्यायला येतात, पुढे काय झाले हे सांगायला कोणी येत नाही. दार वाजले की मी पाही. दुसरीच कोणीतरी असे.

दिवाळीनंतरचा छठचा सण उलटून गेल्यावर एका सकाळी दार वाजले आणि लालमुनी आत आली. निम्मी झाली होती, साडी अंगावर लोंबत होती. हातात एक बरणी होती.

"दीदी, मी लालमुनी, त्या गंगाजलवाल्या बरणीची. ही माझ्या नणंदेची पिशवी. घरात सगळे म्हणत होते, दगड निघाले, आता कशाला? मी म्हटलं, द्या इकडे. वाटेत कोणाला हात लावू दिला नाही."

"आणि तू कशी आहेस?" डॉ. निशात यांनी विचारले.

"आहे अजून," ती म्हणाली आणि हसली.

ती नवी बरणी आता माझ्या शेजारी आहे. मित्रांनो, तुमच्या घरच्यांच्या शरीरातून काही काढले, तर त्याला खडे निघालेली रिकामी पिशवी समजू नका. मायेनेही टाकू नका. डॉक्टरांनी ज्या औषधात दिले असेल त्याच औषधात ठेवा आणि लवकर तपासायला न्या. मी एवढीच विनवणी करू शकते.

नणंदेच्या निकालाला काही दिवस लागतील, असे डॉ. निशात यांनी लालमुनीला सांगितले आहे. ती अजून बाकावरून उठलेली नाही.