मंदाबाईला न पटलेली कादंबरी

"आई, माझं निळ्या कव्हरचं पुस्तक पाहिलं का हो?"

भूमिकाने ओट्यावरून पुन्हा विचारलं. घरातून कुणी ओ दिली नाही. मागच्या गोठ्यातून म्हशीचं रेकणं मात्र सारखं ऐकू येत होतं. धारेची वेळ टळून गेली होती. भूमिका मागच्या दाराने गोठ्याकडे गेली आणि उंबऱ्यातच थांबली.

तिची सासू कडब्याच्या पेंढीवर बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, पदर कमरेला खोचलेला, धारेची बादली बाजूला कोरडी आणि मांडीवर निळ्या कव्हरचं पुस्तक.

"आई, म्हैस ओरडतेय."

"ओरडू दे," मंदाबाई मान वर न करता म्हणाली. "त्या पोरीचं लगन मोडू राह्यलं इथं."

"तुम्ही वाचताय ते?"

"मंग काय वारा घेऊ राह्यली?" मंदाबाईने पान उलटलं. "थांब वं जराशीक. बाप काय म्हनते तेवढं पाहू दे."

भूमिकाने बादली उचलली. धुळ्यासारख्या शहरात वाढलेली ती; धार काढणं तिला लग्नानंतरही नीट जमलं नव्हतं. म्हशीने पाय झाडले, अर्धं दूध सांडलं. मंदाबाईला त्याचा पत्ता नव्हता. बापाने परवानगी दिली तेव्हाच तिने पुस्तक मिटलं, आणि मग सांडलेलं दूध पाहून म्हणाली, "हे काय वं केलं?"

सावद्याजवळच्या एका गावात मंदाबाईच्या नवऱ्याची, जीवरामनानांची, केळीची बाग होती. मंदाबाई त्या घरात आली ती सातवी पास होऊन. नंतर वाचणं म्हणजे काय, तर श्रावणात पोथी, भिंतीवरच्या कॅलेंडरची मागची बाजू आणि किराणा बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा. तो तुकडा मात्र ती सोडायची नाही. भजी बांधून आणलेल्या कागदावर खुनाची अर्धी बातमी होती, आणि पुढे काय झालं ते कळलं नाही म्हणून ती कित्येक दिवस हळहळत होती. पण नुसतं आवडतं म्हणून, भर दुपारी, हातातलं काम ठेवून मोठ्या बाईने पुस्तक घेऊन बसावं, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

मुलाचं, हेमराजचं, लग्न झालं आणि भूमिका आली. एम. ए., बी. एड. झालेली, कमी बोलणारी. सासू-सुनेत भांडण कधी झालं नाही, पण बोलण्यासारखंही काही नव्हतं. मीठ कमी आहे का, गॅस संपला का, एवढ्यावर दिवस जायचा. हेमराज केळीच्या कामाने सावद्याला गेला की तिथल्या वाचनालयातून बायकोसाठी पुस्तक बदलून आणायचा. तेवढाच तिचा विरंगुळा.

गोठ्यातल्या त्या संध्याकाळनंतर हेमराज दोन पुस्तकं आणू लागला.

दुपारी मागचं आवरलं की दोघी ओट्यावर बसत. आधी जिचं वाचून होई तिने शेवट सांगायचा नाही, असं ठरलं होतं. मंदाबाईला ते पाळणं फार जड जाई. "मी काही सांगत नही," ती म्हणायची, "पन त्या डाक्टरवर भरोसा ठेवू नको." झालं, भूमिकाची कादंबरी तिथेच फुटायची.

मतं दोघींची जुळत नसत. भूमिकाला वर्णनं आवडायची. नदी, संध्याकाळ, जुनं देऊळ अशी पानंच्या पानं ती दोनदा वाचायची. मंदाबाई ती पानं सरळ ओलांडून जायची.

"हा लिहिनारा बायकांले लय रडवते," ती म्हणायची. "आन् रडून झाल्यावर जेवाले वाढते कोन, ते सांगत नही."

"पण भाषा किती छान आहे, आई!"

"भाषा हाये छान. मी कुठं नही म्हनते? पन त्या भाषेत बोलते कोन घरात?"

एकदा एका कादंबरीतल्या थोरल्या भावावरून दोघी इतक्या हमरीतुमरीवर आल्या, की शेजारच्या सुनंदाबाई पिठाचे हात तसेच घेऊन धावत आल्या.

"काय झालं वं? कोनता भाऊ? वाटनी मांगू राह्यला का?"

दोघी हसत सुटल्या. सुनंदाबाईंना सगळी गोष्ट सांगावी लागली. त्यांनी नीट ऐकून घेतली आणि निकाल दिला, "भाऊ चांगला हाये. त्याची बायको खराब हाये." त्या दिवसापासून सुनंदाबाईही दुपारी येऊ लागल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मत त्यांचंही असायचं.

जीवरामनाना खाटेवर पडून हे सगळं ऐकत. "पुस्तकातल्या लोकांसाठी घरच्या लोकांची झोप मोडता तुम्ही," एवढंच म्हणत आणि कूस बदलत.

उन्हाळा सरत आला तेव्हा एका रात्री जेवताना भूमिका म्हणाली, "नाना, मला बोलायचं होतं. धुळ्याच्या एका शाळेत मला नोकरी मिळाली आहे. मराठी शिकवायचं. शाळा सुरू झाली की हजर व्हायचं आहे."

हेमराज ताटात पाहत होता. त्याला हे आधीच ठाऊक होतं, ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

नानांनी घास खाली ठेवला. "आन् हेमराज?"

"ते इथेच राहतील. बाग सोडून कसं येता येईल? मी तिथे माझ्या आईकडे राहीन. सुटीला येत जाईन."

"घरात काय कमी हाये तुले?"

"कमी काहीच नाही, नाना."

"मंग कशाले?" नाना भडकले नाहीत. त्यांचा आवाज कधी चढत नसे, म्हणूनच त्यांच्या बोलण्यापुढे कुणी जात नसे. "सून नोकरीले दुसऱ्या गावी, आन् पोरगा इथं एकला. लोक काय समजतीन? हे समदं त्या पुस्तकांचं हाये. हेमराज, आता सावद्याहून पुस्तकं आनू नको."

भूमिकाने सासूकडे पाहिलं. मंदाबाईला ती नजर कळली. पण तिने मान खाली घातली, नानांच्या ताटात भाकरी वाढली आणि विचारलं, "ठेचा देऊ का?"

त्यानंतर दुपारी ओट्यावर कुणी बसेनासं झालं. सुनंदाबाई एक-दोनदा डोकावून गेल्या. भूमिका कामात कुठे कमी पडत नव्हती, पण पुन्हा मीठ आणि गॅस एवढंच बोलणं उरलं. घरात वाचनालयाची एकच कादंबरी राहिली होती. भूमिकाने ती वाचून सासूच्या उशाशी ठेवली.

"हिच्यासारखी मी दुसरी वाचली नाही," ती म्हणाली. "वाचून घ्या. मग परत द्यायची आहे."

"कशी हाये?"

"तुम्हीच सांगा."

कादंबरी एका बाईची होती. मोठ्या घरात तिचा जन्म जातो. सगळ्यांचं करता करता केस पांढरे होतात, आणि मग पन्नाशीत एक दिवस ती घर सोडून लांबच्या गावी जाते, तिथे लहान मुलांची शाळा काढते. शेवटी ती शाळेच्या पायरीवर एकटीच बसलेली असते आणि समोर मुलं खेळत असतात.

बागेत कटाई चालू होती. माणसांचा चहा, भाकऱ्या, पाणी यात दिवस जायचा. मंदाबाई मिळेल तेव्हा चार पानं वाचायची. पुस्तक तिला सोडवत नव्हतं आणि त्याचा रागही येत होता. राग कशाचा, ते तिला सांगता येईना. भूमिकाला विचारावं असं फार वाटायचं. भूमिका समोरच भांडी घासत असायची.

ज्या दिवशी पुस्तक संपलं त्या संध्याकाळी मंदाबाईने वरणबट्टी केली. सगळे जेवायला बसले. तिने वाढलं, तूप सोडलं, स्वतःचं ताट घेतलं आणि म्हणाली, "भूमिका, तुझी कादंबरी वाचली मी. मले पटली नही."

भूमिकाने आश्चर्याने पाहिलं. बोलावं की नाही अशा आवाजात तिने विचारलं, "का?"

"ती बाई गेली, ते मले पटलं नही."

"पाहा," नाना म्हणाले. "वाचनारीलेच पटलं नही."

"माझं होऊ द्या पुरं," मंदाबाई म्हणाली. "पन्नाशीत गेली ती. डोये गेले, गुडघे गेले, मंग गेली. शाळा काढाची व्हती तर तवाच काहून गेली नही, जवा अंगात जोर व्हता?"

"घरातलं कुणी जाऊ देत नव्हतं ना, आई."

"तेच म्हनते मी. तिची सासू कुठं व्हती? लिहिनाऱ्यानं एका ओळीत मारून टाकली तिले. 'सासू वारली', बस. येवढ्या मोठ्या पुस्तकात सासूले बोलाले जागा नही?" बट्टी कुस्करणारा हात थांबला. "जिती असती तर तिनं सांगितलं असतं, जाय म्हनून."

कुणी जेवेना. हेमराजने मान वर केली होती.

नाना म्हणाले, "पुस्तकातलं पुस्तकात राहू दे, मंदा."

"बरं. मंग घरातलं सांगते." ती नवऱ्याकडे वळली. "त्या दिवशी ह्या पोरीनं माझ्याकडं पाह्यलं, आन् मी तुम्हाले ठेचा वाढत बसली. भूमिका जाईन धुळ्याले. भाकरी मी करीन, धार मी काढीन. इतकी वर्षं मीच करत व्हती."

"आन् लोक?"

"लोकांले मी सांगीन."

"मी सुटीच्या दिवशी जात जाईन, नाना," हेमराज म्हणाला. "एका सुटीला ती येईल, एका सुटीला मी जाईन. बाग काही कुठं पळून जात नही."

नानांनी उरलेली बट्टी खाल्ली, ताटात हात धुतले आणि बाहेर जाऊन खाटेवर बसले. हो म्हणाले नाहीत. पण दोन दिवसांनी त्यांनी हेमराजला विचारलं, "तिची शाळा स्टँडपासून लांब हाये का?" आणि घरातल्या सगळ्यांना समजलं.

भूमिका गेली त्या सकाळी मंदाबाईने तिला केळीचे वेफर्स आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. हेमराज मोटारसायकल चालू करून उभा होता. भूमिकाला फोन आला. पलीकडे तिची आई. "हां माय, निंघनू," भूमिका आपल्या अहिराणी बोलीत म्हणाली. "बठ्ठं बरं शे आठे." इथे सगळं बरं आहे असं सांगून तिने फोन ठेवला, वाकून सासूच्या पाया पडली आणि काही बोलायला लागली. मंदाबाई म्हणाली, "जाय आता, गाडी चुकीन."

भाकऱ्या, धार, झाडलोट सगळं पुन्हा मंदाबाईवर आलं. कंबर दुखायची. "सून रुसून गेली का वं?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "शिकवाले गेली. मीच धाडली." भूमिकाचा फोन संध्याकाळी यायचा. मुलं दंगा फार करतात, एक मुलगी कविता छान म्हणते, घसा बसला आहे. पुस्तकांचं बोलायला मात्र तिला वेळ मिळेना. "शाळेचं वाचन करण्यातच जीव जातो, आई. तुम्ही काय वाचताय?"

"काही नही," मंदाबाईने एकदा सांगितलं, आणि तिचं तिलाच ते बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षात बसून सावद्याला गेली. वाचनालयाचा जिना चढताना तिने पदर सारखा केला. आत पंख्याखाली म्हातारी माणसं पेपर वाचत होती. बाई एकही नव्हती. टेबलामागच्या गृहस्थांनी तिला कार्यकर्ती समजून विचारलं, "वर्गणी मागायला आलात का?"

"नही. पुस्तक पाहिजे. हेमराजच्या नावावर हाये ना आमचं खातं, ते."

"अच्छा, त्यांच्या आई का तुम्ही? त्यांच्या मिसेससाठी पाहिजे का?"

"माझ्यासाठी."

"काय आवडतं तुम्हाला? धार्मिक? ऐतिहासिक?"

मंदाबाईने जरा विचार केला. "ज्याच्यात मानसं बोलतात, असं द्या. नदीचं वर्णन कमी असलेलं. आन् सासू जिती असली तर पाहा."

गृहस्थ हसले, उठले आणि कपाटाकडे गेले.

त्या दुपारी ओट्यावर ती पुस्तक घेऊन बसली. गोष्ट मजेदार होती. एका लग्नात नवरदेवाचा मामा भलत्याच मांडवात जाऊन जेवतो, आहेर करतो आणि वर जेवणाला नावं ठेवून येतो. मंदाबाईला हसू आवरेना. हसता हसता ती म्हणाली, "अवं भूमिका, हे पाहा—" आणि स्वयंपाकघराकडे वळली.

दारात ऊन पडलं होतं. आत कुणी नव्हतं.

तिने फोन उचलला. शाळा भरलेली असेल, पोरगी वर्गात असेल, म्हणून परत ठेवला. पुस्तकात बोट तसंच होतं.

"काय झालं?" खाटेवरून नानांनी विचारलं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. "काहून हसू राह्यली?"

"तुम्हाले नही समजनार."

"काहून नही समजनार?"

"तुम्हाले पह्यल्यापासून सांगा लागीन."

नाना खाटेवर उठून बसले, टोपी चाचपून डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "मंग सांग."

मंदाबाईने चष्मा पुसला. मग पुस्तकातलं बोट काढलं आणि पानं मागे उलटत पहिल्या पानावर आली.