टपालताईंबरोबर परदेशी

मित्रांनो, मी बिजागऱ्यांच्या एका कारखान्यातला जुना ओव्हरकोट आहे. राखाडी, जाड लोकरीचा, गुडघ्याखाली येणारा. मोठ्या साहेबांनी पहिल्या परदेशवारीसाठी मला शिवून घेतलं. शिंपी म्हणाला होता, "साहेब, तुम्ही दमाल, पण हा कोट दमणार नाही." पुढे साहेबांचं पोट सुटलं आणि मी ऑफिसचा झालो. ज्याला थंडीच्या मुलखात पाठवायचं, त्याच्या अंगावर मला चढवायचं.

असा मी सात जणांबरोबर विमानात बसलो. माझ्या उबेचं सगळ्यांनी कौतुक केलं. पण मी पाहिलं काय? हॉटेलातली खुंटी आणि मीटिंगमधल्या खुर्चीची पाठ. काम झालं की सगळे परतायच्या घाईत. आल्यावर मला न वाळवताच कपाटात कोंबायचे. कसरीने माझी बाही कुरतडली, अस्तर उसवलं. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग टपालताईंची पाळी आली. परदेशी गिऱ्हाइकांना सगळी पत्रं त्याच लिहीत, म्हणून हे नाव. बावीस वर्षं लिहीत होत्या, पण स्वतः कधी गेल्या नव्हत्या. या खेपेला मोठ्या साहेबांचा गुडघा धरला, म्हणून धाकट्या साहेबांबरोबर त्यांना पाठवलं. कराराची कलमं ताईंना तोंडपाठ होती. दुपारीच सह्या झाल्या. निघायला अजून पाच तास होते.

"ताई, आता खोलीतच थांबू," धाकटे साहेब म्हणाले. "उगाच हरवलात तर?"

"हरवले तर विचारेन की. बावीस वर्षं यांना पत्रं लिहितेय, मला रस्ता विचारता येणार नाही?"

ठसक्यात बोलल्या खऱ्या, पण माझ्या खिशातला त्यांचा हात गार पडला होता. त्या हातात एक कागद होता. त्यावर गिऱ्हाइकाचा जुना पत्ता होता. ती कंपनी केव्हाच मोठ्या इमारतीत गेली होती, पण ताईंची पहिली दहा वर्षांची पत्रं त्या पत्त्यावर गेली होती.

ताई निघाल्या आणि वाटेत दोनदा चुकल्या. दुसऱ्यांदा तर रडकुंडीला आल्या. तेव्हा पाव विकणाऱ्या एका बाईने दुकान सोडून त्यांना कोपऱ्यापर्यंत नेलं. अरुंद गल्लीत एक हिरवं दार होतं. दारात पत्र टाकायची पितळी फट होती. आत आता एक म्हातारा सुतार काम करत होता. त्याला ताईंचं इंग्रजी कळेना. त्यांनी पत्ता दाखवला, स्वतःकडे बोट केलं, हवेत लिहून दाखवलं.

सुताराने हातातला रंधा खाली ठेवला. मग त्याने ताईंना आत उभं केलं, कागद घेतला, बाहेर जाऊन दार लावून घेतलं. फटीचं झाकण वाजलं. कागद ताईंच्या पायाशी भुशावर येऊन पडला.

"माझी पत्रं इथे पडायची होय!" ताई म्हणाल्या आणि माझ्याच बाहीने त्यांनी डोळे पुसले.

मग त्या नदीकाठाने रमतगमत परतल्या. हॉटेलच्या दारात धाकटे साहेब येरझाऱ्या घालत होते. "होतात कुठे, ताई? माझा जीव टांगणीला लागला होता!"

"एक पत्र पोचतंय का बघायला गेले होते. तुम्ही काय पाहिलंत?"

साहेब ओशाळले. "टीव्ही."

परतल्यावर ताईंनी मला उन्हात घातलं, अस्तर शिवलं, बाही रफू केली. कपाटात ठेवताना आतल्या खिशात एक चिठ्ठीही ठेवली.

मित्रांनो, वस्तू जपायची म्हणजे नुसती कोंडून ठेवायची नसते. तिची डागडुजी करा, पण तिला चार रस्तेही दाखवा.

परवा मला एका तरुण फिटरने नेलं. तोही पहिल्यांदाच चालला होता. काम आटोपलं, त्याने मला खुंटीला अडकवलं आणि पलंगावर अंग टाकलं. मग काय वाटलं कोण जाणे, उठून माझे खिसे चाचपले. चिठ्ठी सापडली. "काम झालं ना? मग बाहेर पडा. वाट विचारायला लाजू नका. आणि आल्यावर कोट वाळवूनच ठेवा."

त्याने ती दोनदा वाचली आणि पलंगाखालचे बूट पुढे ओढले.