शिवणीची आतली बाजू

त्या गल्लीतील शिंप्याची शिवण शोधायची तर डोळ्यांत तेल घालून पाहावे लागे, अशी त्याची ख्याती होती. गल्लीतल्या झाडून साऱ्या पुरुषांच्या मानेची मापे त्याला तोंडपाठ होती. मात्र एका मानेला आजवर त्याच्या फितीचा स्पर्श झालेला नव्हता, आणि ती त्याच्या पोटच्या लेकीची होती.

लेकीला घरात ठकी म्हणत. वय वर्षे पाच. हाक मारली तर ती वळत नसे, हात लावला तर किंचाळे; रिकामी रिळे भिरभिरवीत मात्र तासन्‌तास रमे. डॉक्टरीणबाईंनी या स्थितीचे नाव स्वमग्नता असे सांगितले होते. "हा आजार नाही, हिची घडणच अशी आहे," त्या म्हणाल्या होत्या. "आवाज, उजेड, स्पर्श, सगळं हिला आपल्यापेक्षा फार जास्त जाणवतं."

शिंप्याने या बोलण्याचा अर्थ आपल्या धंद्यापुरता लावला. कापडच बोचत असावे! वर्षभर तो मऊहून मऊ कापड आणून फ्रॉक शिवीत राहिला आणि ठकी ते अंगावरून ओरबाडून काढीत राहिली. अखेर एके सकाळी तिने आपल्याच हाताने फ्रॉक उलटा चढवला आणि जेवणवेळेपर्यंत हूं की चूं केले नाही. तेव्हा त्याने दुसऱ्या फ्रॉकच्या आतून बोट फिरवून पाहिले. दोष कापडाचा नव्हताच. ज्या पक्क्या दुमडीच्या शिवणीवर त्याने नाव कमावले, तीच लेकीला काट्यासारखी रुतत होती. त्या दिवशी त्याला घास गोड लागला नाही.

तेव्हापासून ठकी उलटा फ्रॉक घालू लागली आणि लोकांचा जीव वरखाली होऊ लागला.

"अगंबाई! शिंप्याची पोर नि फ्रॉक उलटा? ये गं बाळे, सरळ करून देते," म्हणत शेजारच्या काकू धावत. मन निर्मळ, परंतु परिणाम एकच, किंकाळी. बालवाडीतल्या मदतनीस मावशींनी हाच उपकार केला तेव्हा ठकी आधी ओरडली आणि मग त्यांच्या मनगटाला कडाडून चावली. बालवाडीच्या बाईंचा निरोप आला, शनिवारी पालकसभेला यावे. मुलीला ठेवायचे की नाही ते तेव्हाच ठरेल.

बालवाडीत ठकी अलीकडे एका मुलीच्या शेजारी जाऊन बसू लागली होती. शेजारी, एवढेच, बोलणे नाही की खेळणे नाही. पण त्या हातभर अंतरावर बापाची सारी आशा टांगलेली होती.

"तुम्हीच बोला," बायको म्हणाली. "मी बोलले की रडते, आणि रडले की लोक पाणी देतात. ऐकत कुणी नाही."

"मला कुठं बोलता येतं?"

"मग हातानं सांगा. हात तरी चालतो ना!"

सभेत किराणा दुकानदाराने तोंड उघडले. "उद्या आमच्या पोरांना चावली तर? लाड झालेत, दुसरं काय! दोन धपाटे घाला, सुतासारखी सरळ येईल."

शिंपी उठला. खिशातून त्याने ताठ बकरमाची पट्टी काढली, कॉलरमध्ये घालतात ती, पण कडा न दुमडलेली.

"शेठ, शर्ट माझ्याच हातचा आहे. जरा मान पुढं करा. सभा संपेपर्यंत एवढं आत राहू द्या."

"घाल बाबा, घाल," शेठ हसले.

पाच मिनिटांत शेठ मान चोळू लागले. आठव्या मिनिटाला खांदे उडू लागले. बाईंनी बालवाडीचे फाटक बंद करण्याच्या वेळेविषयी त्यांचे मत विचारताच ते कडाडले, "काय ते एकदाच ठरवा ना!" आणि पट्टी खेचून त्यांनी भुईवर आपटली.

मावशी गंभीरपणे म्हणाल्या, "शेठ, दोन धपाटे घालू का?"

सभेत हशा पिकला. शिंप्याला हसू आले नाही.

"दहा मिनिटंसुद्धा झाली नाहीत," तो खाली पाहत म्हणाला. "फ्रॉक सरळ केला की शिवण तिला अशीच रुतते, दिवसभर. काढा म्हणायला शब्द नाहीत तिच्याकडे. चावणं चूकच. पण मावशी, आधी ती ओरडली होती."

शेठ मान कुरवाळीत म्हणाले, "राहू दे पोरीला. मी काय दगड आहे का?" बाईंनी मान डोलावली.

मावशी दारापर्यंत आल्या. "मग भाऊ, तिला हात लावायचा तरी कसा?"

"आधी विचारा. मग थांबा."

"किती थांबायचं?"

"ते मला अजून समजलेलं नाही. मी पाच वर्षं थांबलोय."

अंगणात खेळत थांबलेली इतर मुले बापांची बोटे धरून पांगली. ठकी चार पावले पुढे, आपल्याच तंद्रीत चालली होती. शिंपी मागून चालला. आपला उजवा हात त्याने अंगापासून किंचित दूर आणि बोटे मोकळी ठेवली होती. न जाणो, तिला वाटलेच तर. घराच्या पायरीपर्यंत त्याने तो तसाच नेला.