वर्गातली चिमणी

चाळिशी उलटल्यावर हेड नर्सने रुग्णालय व्यवस्थापनाच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. विद्यापीठ एका देशात, प्राध्यापक दुसऱ्यात, विद्यार्थी जगभर विखुरलेले. वर्ग भरला की पडद्यावर दिसणाऱ्या त्या सगळ्या चौकटींमध्ये तिची भाषा बोलणारी एकच मुलगी निघाली. लग्न होऊन परक्या शहरात गेलेली, तोंडाचा पट्टा सतत चालू. नर्सने तिचं नाव चिमणी ठेवलं.

"ताई, तुमच्याशी बोललं की जिभेचा गंज निघतो," चिमणी म्हणायची.

दुसऱ्या सत्रात तिचा कॅमेरा बंद राहू लागला. मग आवाजही येईना, नुसते मेसेज. तेही कसे? "आपला निरोप मिळाला. आभारी आहे."

"ही मला 'आपला' म्हणते?" नर्स नवऱ्याला म्हणाली.

"परीक्षा जवळ आलीय. तुझं आपलं काहीतरीच."

चिमणी आईबापांची एकुलती एक. नर्सने मुद्दाम विचारलं, 'बहिणीचं बाळ काय म्हणतंय?'

लगेच उत्तर आलं, 'छान आहे. रांगायला लागलं.'

नर्सने ते उत्तर दोनदा वाचलं. तिने नवऱ्याला फोन दाखवला. या वेळी तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला.

तिने विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या मदत-खिडकीत सगळं लिहिलं. उत्तर गोड आलं: विद्यार्थिनी नियमित आहे, परीक्षेला कॅमेऱ्यासमोर स्वतः बसते, ओळख पटलेली आहे. काळजी नसावी.

पदवीदानाच्या दिवशी एकेक चौकट मोठी होत गेली. लोक घरातच पदवीचे झगे घालून बसले होते, कुणाची पोरं मागून हात हलवत होती. मग चिमणी आली. गालफडं बसलेली, ओठांवर हसू चिकटवल्यासारखं. तिच्या मागे काळा पडदा होता. खांद्यावर एक हात होता, पण तो कुणाचा ते चौकटीत दिसत नव्हतं. नाव पुकारलं गेलं तेव्हा तिने आधी त्या हाताकडे पाहिलं, मग मान डोलावली.

"चिमणे! अगं, इकडे बघ!" नर्स ओरडली. पण सगळ्यांचे माईक विद्यापीठानेच बंद ठेवले होते. टाळ्यांचं रेकॉर्डिंग वाजलं आणि पुढची चौकट आली.

नर्सने चिमणी राहायची त्या देशातल्या पोलिसांना फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे ऐकत होती.

"पत्ता सांगा."

पत्ता फक्त विद्यापीठाकडे होता. नर्सने संकेतस्थळ वरपासून खालपर्यंत धुंडाळलं. हिरवळीवर हसणारी मुलं दिसली, पण फोन नंबर कुठेच नव्हता. होती ती तीच मदत-खिडकी.

"शहर तरी माहीत आहे ना?" पोलीस बाईने विचारलं.

"माहीत आहे," म्हणत नर्सने शहराचं नाव सांगितलं.

"खूप मोठं शहर आहे हो ते," ती म्हणाली, आणि मग तिने चिमणीचं पूर्ण नाव विचारलं. नर्सने ते एकेक अक्षर फोडून सांगितलं. शेजारी लॅपटॉपवर समारंभ अजून चालू होता; त्यात चिमणीची चौकट आता अंधारी झाली होती.